मी माळ्यावर, माझा आवाज खाली

आधी एक गैरसमज दूर करतो. मी टाइपरायटर नाही. माझ्या पाठीवर गोल बटणांची रांग आहे, म्हणून घरात येणारा प्रत्येक नवा माणूस तेच विचारतो आणि दर वेळी माझ्या तारा ताठ होतात. मी बेंजो आहे. वसईच्या पट्ट्यात ज्याच्याशिवाय एके काळी एकही हळद लागत नव्हती, तोच बेंजो.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगतो, मागाहून म्हणाल की लपवून ठेवली. मी जळतो. एका लॅपटॉपवर जळतो. तो वयाने माझ्याहून पुष्कळ लहान आहे, अंगाने पाटीएवढा आहे, आणि त्याला एक साधी तारसुद्धा नाही. तरी मी जळतो. का, ते ऐका आणि मग काय तो निवाडा करा.

माझा जन्म गिरगावातल्या एका वाद्यांच्या दुकानामागच्या खोलीत झाला. मिस्त्रीने सागाची लांबट पेटी केली, वर तारा ओढल्या, तारांवर बटणं बसवली आणि बाजूला वायर खुपसायला एक भोक ठेवलं. उजव्या हाताने तारांवर नखी मारायची, डाव्या हाताने बटणं दाबायची. जे बटण दाबाल तो सूर. म्हणजे सूर डाव्या हाताचा आणि ठेका उजव्या हाताचा. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळी भानगड त्यावरूनच झाली.

निर्मळचा श्रीपत मला घ्यायला आला तेव्हा त्याला जेमतेम मिसरूड फुटलं होतं. केळीच्या बागेत राबणारा पोरगा. बोटांना केळीचे काळे डाग, ते कशाने जात नसत. त्याने मला मांडीवर घेतलं आणि एक बटण इतकं हळू दाबलं की मी तिथेच त्याचा झालो. दुकानदाराने आणखी दोन दाखवले, पण त्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ही गोष्ट मी अजून विसरलेलो नाही.

श्रीपतने पाच जणांची पार्टी जमवली. ढोल, ताशा, खुळखुळा आणि पुढे आम्ही दोघं. आगाशीपासून गासपर्यंत आम्ही वाजवलं. शेजारचा आग्नेल ख्रिस्ती लग्नांच्या ब्रास बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. हंगाम सुरू व्हायच्या आधी तो ओट्यावर येऊन एक लांब सूर धरायचा आणि श्रीपत त्या सुरावर माझ्या तारा पिळायचा. अख्ख्या पट्ट्यात माझा सूर पक्का म्हणून नाव होतं. मी हे फुशारकी म्हणून सांगत नाही, आणि सांगितलं तरी काय बिघडलं?

शकू लग्न होऊन या घरात आली तेव्हा पहिल्या आठवड्यातच तिने मला ओळखलं. पाणी भरायला आलेल्या बायकांना म्हणाली, "माजी सवत माज्या आदी घरात येऊन बसलीय. लाकडाची हाय, पन हाय सवतच." मला ते ऐकून फार बरं वाटलं होतं. सवत म्हणवून घ्यायलाही नशीब लागतं. आता माझी पाळी आल्यावर कळतंय की शकूला काय वाटत असेल.

आमच्याकडे हळदीच्या दिवशी नवऱ्याच्या आंघोळीचं पाणी बावखलातून आणतात. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. दिवस कलायला लागला की पाच सवाष्णी कळश्या घेऊन निघतात आणि पुढे वाजंत्री. त्या वाटेसाठी श्रीपतने स्वतः एक चाल बसवली होती. जाताना उड्या मारणारी आणि येताना, कळशी भरलेली असते म्हणून, जरा दमानं चालणारी. त्या चालीला नाव नव्हतं. लोक नुसतं 'पान्याचं वाजव' म्हणत. दुसऱ्या पार्ट्यांनी उचलायचा प्रयत्न केला, पण ते जातानाचंच वाजवायचे आणि येताना बायकांच्या कळश्या हिंदकळायच्या.

थोरल्या हितेशच्या बारशाला श्रीपतने मला मांडीवर घेऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "याच्या हळदीला पान्याचं मीच वाजवीन. दुसऱ्या कोनाचा हात लागनार नाय." आग्नेल हसून म्हणाला, "पोर अजून पालन्यात हाय रे, बाबा." पण श्रीपत हसला नाही. मी तेव्हापासून त्या दिवसाची वाट बघत होतो. लोकांच्या शेकडो हळदी वाजवल्या, आपल्या घरची एक वाजवायची होती.

दोन वर्षांपूर्वी, थंडीत, बागेला पाणी सोडता सोडता श्रीपतच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय हळूहळू आला. हात आला नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर त्याने मला एकदाच मांडीवर घेतलं. उजव्या हाताने डावा हात उचलून माझ्यावर ठेवायला गेला आणि मधेच थांबला. मग शकूला म्हणाला, "ठेव वर." तिने मला आपल्या जुन्या साडीत गुंडाळून, दोन डांबरगोळ्या टाकून माळ्यावर ठेवलं. साडीला एके ठिकाणी भोक आहे, तिथून मला खालची खोली दिसते.

आणि त्या खोलीत तो आला.

धाकटी खुशी कॉलेज संपवून विरारच्या एका हापिसात कामाला लागली आणि तिने लॅपटॉप आणला. त्यात ती गाणी बनवते. गाणी म्हणजे शब्द नाहीत, नुसतं टुणटुण टिणटिण, लहान मुलं दुडदुडत पळावीत असं. शकूने विचारलं, "वाजतं तरी काय यात?"

"सिंथेसायझर, आई. सॉफ्टवेअरमधला. खरा नसतो, पण आवाज खरा येतो."

"मंग खराच का नाय घेत?"

"खरे ठेवायला एक अख्खी रूम लागेल. इथे माझ्याकडे अकरा आहेत."

अकरा! आणि एकालाही लाकूड नाही. बटणं आहेत, पण तीही चित्रातली. खुशी एक साधा शिट्टीसारखा आवाज घ्यायची, त्यावर दुसरा चढवायची, मग चित्रातली एक कळ फिरवून त्याच्यावर झाकण घातल्यासारखं करायची, आणि त्या शिट्टीचा बुडबुडा व्हायचा. एका आवाजाचं नाव तिने 'जेली' ठेवलं होतं, एकाचं 'रबरी बेडूक'. पडद्यावर ती हिरव्या रंगाचे छोटे चौकोन मांडत जायची, वाफ्यात रोपं लावतात तसे, आणि मग एका बोटाने सगळं शेत वाजायला लागायचं. चुकलं की चौकोन पुसायची. माझ्यावर एकदा चुकीचं बटण दाबलं की दाबलं, ते गावभर झालं. पुसापुशीची सोय असती तर मीही निष्कलंक राहिलो असतो.

त्याचे लाड तर विचारू नका. त्याला बसायला वेगळं टेबल. गरम होतो म्हणून खालून पंखा. घरातल्यांनी जेवायच्या आधी त्याची चार्जिंग. पुसायला मऊ फडकं, तेही चष्म्याबरोबर मिळालेलं. मला आयुष्यात एकदा खोबरेल तेल लागलं होतं, तेही बटण अडकलं म्हणून.

हेही मी सोसलं असतं. पण एका रविवारी दुपारी खुशीने ते बेडकाचं गाणं लावलं आणि खुर्चीवर बसलेल्या श्रीपतचा उजवा पाय हलायला लागला. ठेक्यावर, बरोबर ठेक्यावर. तो पाय माझा होता. तीस वर्षं तो फक्त माझ्यासाठी हलला होता. त्या दिवशी मी माळ्यावर असा काही तडकलो की माझी एक तार तुटली. खाली सगळ्यांना वाटलं उंदीर आहे.

हितेशचं लग्न ठरलं. मुलगी होळी गावची, भाजीवाल्यांच्या घरातली. घरात हळदीची बोलणी सुरू झाली आणि वाजंत्रीचा विषय निघाला की सगळे श्रीपतकडे न बघता बोलायला लागले. हितेश म्हणाला, "पप्पा, मी डीजेवाल्याला सांगून टाकतो. टेन्शन नको."

श्रीपत म्हणाला, "सांग."

एवढंच म्हणाला आणि उठून मागच्या दारी गेला. मी त्याचा आवाज ओळखतो. त्या एका शब्दात त्याने मला पुरलं होतं आणि स्वतःलाही.

खुशीने मात्र त्याच संध्याकाळी स्टूल ओढलं आणि मला माळ्यावरून खाली घेतलं. साडी सोडली, धूळ पुसली, तेही त्या चष्म्याच्या फडक्याने. तुटलेली तार नवी लावली. आग्नेलला बोलावून सूर लावून घेतला. मला वाटलं, पोरगी शिकणार. आता तिचा हात आणि मी. लॅपटॉपकडे मी कुत्सितपणे बघूनसुद्धा घेतलं.

पुढचे चार दिवस ती हापिसातून आली की खिडक्या लावायची, त्यांवर गोधड्या टांगायची, पंखा बंद करायची, आणि शकूला सांगायची की कुकर लावू नको. मग माझ्यासमोर माइक ठेवून एकेक बटण दाबून नखी मारायची. एकदा हळू, एकदा मध्यम, एकदा जोरात, आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत श्वास रोखून बसायची. कधी कोंबडं आरवलं की पुन्हा. दोन वर्षांत मला कुणी हात लावला नव्हता. मी माझ्यातलं होतं नव्हतं ते सगळं दिलं. हातचं काही राखलं नाही.

पाचव्या दिवशी तिने मला परत साडीत गुंडाळलं आणि वर ठेवलं.

आणि थोड्या वेळाने खालून माझा आवाज आला.

हुबेहूब माझा. शेवटच्या बटणाची किंचित घरघरसुद्धा. लॅपटॉपमधून येत होता. मी माळ्यावर डांबरगोळ्यांत, आणि माझा आवाज खाली टेबलावर पंख्याखाली. आजवर मी दुसऱ्यावर जळलो होतो, त्या दिवशी स्वतःवर जळलो. एवढी वाईट वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

खुशीचा बेत मग मला कळला. तिने एक छोटा कीबोर्ड आणला होता, दोन वीत लांबीचा, लॅपटॉपला जोडायचा. तो श्रीपतच्या उजव्या हाताशी ठेवून म्हणाली, "पप्पा, हा हात तर चांगला आहे ना? एका बोटाने वाजवा. आवाज तुमच्याच बेंजोचा आहे. पाण्याचं तुम्हीच वाजवणार."

श्रीपतच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत नव्हता असा काही उजेड आला. त्याने बोट ठेवलं. पहिला सूर बरोबर लागला. दुसरा चुकला. तिसरा चुकला. तो परत पहिल्यापासून गेला, परत तिथेच अडला. अर्धा तास घामाघूम होऊन तो पट्ट्या शोधत राहिला. स्वतःची चाल त्याला सापडेना.

"डोक्यात हाय," तो म्हणाला, "पन हा हात येडा हाय. तीस वर्सं यानं नुसती नखी मारली. सूर त्या हातात हुते." आणि डोळ्यांनी मांडीवर पडलेल्या डाव्या हाताकडे दाखवलं.

खुशीचीच चूक होती. तिला वाटलं होतं, चाल डोक्यात असते. लॅपटॉपवर वाढलेली माणसं अशीच चुकतात. मला वर बसून खूप हसू यायला हवं होतं. ते आलं नाही.

हळद आठ दिवसांवर आली. आग्नेल संध्याकाळचा चहाला आला तेव्हा हे सगळं त्याला कळलं. त्याचे दात गेल्यापासून त्याचाही ट्रम्पेट बंदच आहे. त्याने काही न विचारता स्टुलावर चढून मला काढलं आणि श्रीपतच्या मांडीवर आणून ठेवलं.

"नको रे," श्रीपत म्हणाला.

"बटना दाबू नको. नुसता घास. पान्याचं घास."

श्रीपतने नखी घेतली. बटणावर हात नाही, म्हणजे सूर एकच. पण उजवा हात सुटला आणि तो एकच सूर बावखलाच्या वाटेला लागला. उड्या मारत गेला, पाणी भरलं, आणि येताना दमानं आला. एकही ठोका इकडचा तिकडे नाही. शकू स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

खुशी लगेच उठली. माझ्या बाजूच्या भोकात तिने वायर खुपसली आणि दुसरं टोक लॅपटॉपकडे नेलं.

मला वाटलं, आता हा मला पूर्ण गिळणार. पण तिने केलं ते असं. चुलत्याच्या मुलाच्या हळदीचा एक व्हिडिओ तिच्या फोनमध्ये होता, श्रीपत धडधाकट असतानाचा. त्यावरून तिने अख्खी चाल, एकामागून एक सूर, हिरव्या चौकोनांत मांडली. मग लॅपटॉपला शिकवलं की माझ्या तारेवर नखी पडली की पुढचा एक सूर सोडायचा. नखी थांबली की थांबायचं. माझा खरा आवाज स्पीकरला जाणार नव्हता, जाणार होता फक्त नखीचा धक्का. सूर तिकडचे, ठेका श्रीपतचा.

म्हणजे तो श्रीपतचा डावा हात झाला. मला ज्या हाताने आयुष्यभर दाबलं, कुरवाळलं, त्या हाताच्या जागी जाऊन तो बसला. आणि मी? मी नखी मारायची फळी. माझी सगळी बटणं कोरी. सांगा, कुणाला सोसेल हे?

पहिल्या दिवशी तो जरा मागे राहिला. नखी पडायची आणि सूर किंचित उशिरा यायचा. श्रीपत म्हणाला, "आळशी हाय गो तुजा." मला त्या एका वाक्याने दोन दिवस पुरेल इतका आनंद झाला. पण खुशीने कुठे काय फिरवलं कोण जाणे, दुसऱ्या दिवसापासून तो नखीबरोबर यायला लागला. चालीखाली तिने टाळ्या घातल्या, जेली घातली, रबरी बेडूकही घातला, तेही सगळे श्रीपतच्या नखीमागून चालणारे. श्रीपतने बेडूक ऐकून मान हलवली. "बावखलात बेडूक असतातच," म्हणाला.

हळदीच्या दिवशी ऊन उतरलं तशी वाडीतून मिरवणूक निघाली. छोट्या टेम्पोत मागे प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीवर श्रीपत, त्याच्या मांडीवर मी. शेजारी खुशी, तिच्या मांडीवर तो. दोघांच्या मधे वायर. चार्जिंगचा स्पीकर टपावर. पुढे शकू आणि चार सवाष्णी, डोक्यावर रिकाम्या कळश्या. हितेश टेम्पोच्या बाजूने चालत होता, बापाकडे न बघता, डोळे पुशीत.

श्रीपतने नखी मारली.

केळीच्या बागांमधून माझा आवाज गेला. म्हणजे लॅपटॉपमधला माझा. पोरं बेडकाच्या सुरावर उड्या मारायला लागली, म्हाताऱ्या बायका हात वर करून नाचल्या. कुणीतरी ओरडलं, "श्रीपतभाऊचं पान्याचं लागलं." श्रीपतचा उजवा हात पोराच्या वयाचा झाला होता. मी त्याच्या मांडीवर धक्के खात होतो आणि सगळं कौतुक वायरीतून पलीकडे जात होतं.

बावखलावर कळश्या भरल्या. शकूने कळशी डोक्यावर घेतली आणि वळली. श्रीपतने तिच्याकडे पाहिलं आणि त्याची नखी थांबली. चाल थांबली. टाळ्या थांबल्या, बेडूक थांबला. लॅपटॉपला पुढचा सूर ठाऊक होता, पण सोडायची मुभा नव्हती. त्याला माझ्या धन्याची वाट बघत बसावं लागलं. ते मी डोळे भरून पाहिलं.

श्रीपतचा डावा हात टेम्पोच्या फळीवरून बाहेर लोंबकळत होता. शकू टेम्पोजवळ आली. एका हाताने कळशी सावरत तिने दुसऱ्या हाताने तो हात उचलला. "झाडाला लागंल," म्हणाली, आणि तो माझ्यावर ठेवला.

माझ्या बटणांवर.

त्या हातात जोर नव्हता, पण वजन होतं. त्याच्याखाली तीन बटणं एकदम दबली. श्रीपतने डोळे मिटले आणि येतानाचं वाजवायला घेतलं. स्पीकरमधून चाल आली, स्वच्छ, दमानं, एकेक सूर जागच्या जागी. कळश्या हिंदकळल्या नाहीत. आणि इकडे माझ्या पेटीत, प्रत्येक नखीला, ते तीन चुकीचे सूर वाजत राहिले, घरापर्यंत. असा बेसूर मी जन्मात वाजलो नव्हतो. त्या गोंगाटात ते सूर कुणालाच ऐकू आले नाहीत. लॅपटॉपने फक्त धक्के घेतले. तो आवाज त्याच्याकडे नाही.

आता मी माळ्यावर नसतो. टेबलाजवळ भिंतीला खिळा मारून मला टांगलंय, त्याच्या अगदी शेजारी. लोक विचारतात, टाइपरायटर का? श्रीपत रोज संध्याकाळी मला मांडीवर घेतो, खुशी वायर लावते, आणि मी अजून जळतो, हे कबूल. पण वायर लावायच्या आधी श्रीपत आपला डावा हात उचलून माझ्यावर ठेवतो. तुम्हाला हे सगळं विश्वासाने सांगितलंय, तेव्हा एक विनंती आहे. त्या तीन सुरांचं खुशीला सांगू नका. ती लगेच माइक घेऊन येईल.